घरच्या आठवणी राखणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा. माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे, गोखल्यांचे. १८५७ च्या बंडात त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे असे वेड लागले की, घरात आलेले मीठ नि साखरसुद्धा धुऊन घ्यावी लागे. धुतल्यावर उरत काय असेल, हे आपणां बायकांना सांगावयास नको!

१८८० साली नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. शाळा नाहीच, लिहावाचावयास यजमानांनी शिकविले. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले आणि संसार दुभंगला. काही वर्षे वेगळी काढून १९०० मध्ये बाईंनीही बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक वारले.

चिरंजीव देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते, म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहावयास सांगितले. बाईंनी टिळकांबरोबर आजोबा, वडील, सासरे, सगळेच कागदावर उतरविले. कोणाचा विक्षिप्तपणा झाकला नाही, स्वतःची फजितीही नाही. आपल्याकडे गेलेल्या माणसाचे सारे गोडच सांगतात, मग नातवंडांना तो माणूस कळावा कसा?

‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला, तेव्हा बाईंनी पासष्टी ओलांडली होती. दोनच वर्षांनी, १९३६ साली, त्यांनी डोळे मिटले.