विश्लेषण : लिनक्सवर पेनड्राइव्ह थेट का उपसू नये? डेनिस रिची यांच्या कार्यात आहे उत्तर

लिनक्स संगणकाला पेनड्राइव्ह जोडला की तो आधी ‘माउंट’ होतो आणि काढण्यापूर्वी ‘अनमाउंट’ करावा लागतो. घाईत उपसला, तर फाइल खराब होण्याची भीती असते. ही शिस्त पेनड्राइव्हच्याही खूप आधीची आहे. तिची मुळे अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये, डेनिस रिची आणि केन थॉम्पसन यांच्या कामात सापडतात.

डेनिस रिची कोण होते?

रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ब्रॉन्क्सव्हिल येथे झाला. वडील बेल लॅब्जमध्ये शास्त्रज्ञ होते. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र आणि उपयोजित गणित शिकून १९६७ मध्ये डेनिसही तेथेच रुजू झाले. मल्टिक्स या महाकाय प्रकल्पातून बेल लॅब्जने १९६९ मध्ये अंग काढून घेतले. त्याच वर्षी थॉम्पसन यांनी पीडीपी-७ या जुन्या यंत्रावर नवी प्रणाली उभारायला घेतली. तीच युनिक्स. त्यात प्रत्येक उपकरणाला फाइलसारखेच नाव द्यावे, ही कल्पना रिची यांची. पुढे त्यांनी ‘सी’ ही भाषा घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्स तिच्यात नव्याने लिहिली गेली.

‘माउंट’ म्हणजे नेमके काय?

त्या काळी डिस्क यंत्रातून काढून दुसरी बसवता येत असे. अशा एका डिस्कची क्षमता होती सुमारे २५ लाख बाइट, म्हणजे आजच्या एका छायाचित्राइतकी. प्रत्येक डिस्कला वेगळे अक्षर न देता युनिक्समध्ये ती मूळ फाइल-वृक्षाच्या एखाद्या फांदीवर कलम केल्यासारखी जोडली जाई. हेच माउंट. त्यानंतर वापरणाऱ्याला कोणती फाइल कोणत्या डिस्कवर आहे, याची फिकीर उरत नसे.

मग अडचण कुठे होती?

जोडलेली वस्तू कधीतरी निघणार. त्या वेळी तिच्यावर काही अवलंबून असेल तर? रिची आणि थॉम्पसन यांनी १९७४ च्या शोधनिबंधात हा प्रश्न हाताळला. एकाच फाइलला युनिक्समध्ये अनेक नावे देता येत, पण एका डिस्कवरील फाइलला दुसऱ्या डिस्कवरून असे नाव देण्यास मनाई होती. परवानगी दिली असती, तर डिस्क निघताना अशा सगळ्या नावांचा हिशेब ठेवावा लागला असता. शिवाय डिस्कवरील एखादी फाइल वापरात असेल, तर प्रणाली अनमाउंटला नकार देई.

आज काय बदलले?

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये युनिक्सच्या धर्तीवर लिनक्स लिहिले. तत्त्व तेच राहिले, साखळी मात्र लांबली. पेनड्राइव्ह लावताच कर्नल तो ओळखतो, ‘यूडेव्ह’ त्याची नोंद करते, ‘यूडिस्क्स’ तो माउंट करते आणि ‘पोलकिट’ परवानगी तपासते. त्यानंतर फाइल व्यवस्थापकात चिन्ह दिसते. हलक्या डेस्कटॉपवर यातील एखादा घटक बसवलेला नसेल, तर पेनड्राइव्ह शाबूत असूनही आपोआप उघडत नाही. सुरुवातीच्या यादीत बाह्य डिस्क ‘नोफेल’ हा पर्याय न देता नोंदवली आणि ती जोडलेली नसली, तर संगणक सुरू होतानाच अडकू शकतो. तसेच लिनक्स बरेचसे लेखन आधी मेमरीत ठेवते. अनमाउंट करताना ते पेनड्राइव्हवर उतरते. त्याआधी उपसल्यास ते हरवते. ‘उपकरण वापरात आहे’ ही सूचना म्हणूनच त्रास नसून राखण आहे.

रिची यांची अखेर

थॉम्पसन यांच्यासह १९८३ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळालेले रिची २००७ मध्ये निवृत्त झाले. १२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू जर्सीतील घरी ते मृतावस्थेत आढळले. आठवडाभरापूर्वीच स्टीव्ह जॉब्स गेले होते आणि जग त्यांच्या शोकात बुडाले होते. रिची यांच्या जाण्याची दखल त्यामानाने फारच थोडी घेतली गेली. जॉब्स यांच्या आयफोनची प्रणालीही युनिक्सच्याच वंशातली आहे.