विश्लेषण : बारा वर्षांचा मुलगा कायद्याने ‘मोठा’ ठरायचा तेव्हा... नारायण मेघाजी लोखंडेंच्या लढ्याने काय बदलले?

नारायण मेघाजी लोखंडे म्हटले की रविवारची सुट्टी आठवते. पण या सुट्टीचा गिरणीत राबणाऱ्या मुलांशीही जवळचा संबंध होता. काय होता तो?

कोण होते लोखंडे?

जन्म १८४८ चा, ठाण्यातला. मॅट्रिकपर्यंत शिक्षण. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी केल्यानंतर ते मुंबईतील एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. तिथे त्यांनी कामगारांचे हाल जवळून पाहिले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते. १८८० पासून त्यांनी ‘दीनबंधु’ हे पत्र मुंबईतून चालवले.

१८८१ चा कायदा काय होता?

या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी घातली. ७ ते १२ वयाच्या मुलांसाठी दिवसाला ९ तास काम, एक तास विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या ठरल्या. मात्र १०० पेक्षा कमी कामगारांचे कारखाने कायद्याबाहेर राहिले. शिवाय वयाची १२ वर्षे पूर्ण होताच मुलगा ‘मोठा’ ठरायचा. मोठ्यांसाठी ना तासांची मर्यादा होती, ना सुट्टीचा हक्क.

मग लोखंडेंनी काय केले?

सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघात झाल्यास भरपाई, अशा मागण्यांच्या निवेदनावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी राहिली. एप्रिल १८९० मधील सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. बारा वर्षांवरच्या मुलांनाही यामुळे हक्काची सुट्टी मिळाली.

१८९१ मध्ये काय बदलले?

१८९० च्या फॅक्टरी आयोगात लोखंडे मुंबईपुरते सहकारी सदस्य होते. नव्या कायद्याने किमान वय ९ केले. ९ ते १४ वयाच्या मुलांना ७ तासांची मर्यादा आली. कायदा ५० कामगारांच्या कारखान्यांनाही लागू झाला आणि साप्ताहिक सुट्टी सर्वांसाठी कायद्यात आली. याचे श्रेय एकट्या लोखंडेंचे नाही. भारतीय गिरण्यांची स्पर्धा नको असलेल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांचाही दबाव होता. पण कामगारांची बाजू सरकारपुढे संघटितपणे मांडली ती लोखंडेंनी.

१८९५ मध्ये त्यांना ‘रावबहादूर’ किताब मिळाला. प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करताना त्यांनाच लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

आज कायदा काय सांगतो?

१४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवणे गुन्हा आहे. शाळेच्या वेळेनंतर घरच्या व्यवसायात मदत करणे आणि बालकलाकार म्हणून काम करणे, यांना अटींसह सूट आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ ते १८ वयोगटाला फक्त धोकादायक कामांची बंदी आहे. म्हणजे वयाची रेषा वर सरकली, तरी ती ओलांडताच संरक्षण कमी होते. कुठे बालमजूर दिसल्यास १०९८ या क्रमांकावर कळवता येते.