शिशाचे खिळे आणि लोकमान्य

रत्नागिरी : टिळक आळीतील कौलारू घरात २३ जुलै १८५६ रोजी जन्मलेल्या मुलाचे नाव केशव ठेवण्यात आले, पण घरात आणि पुढे देशभर रूढ झाले ते बाळ हेच नाव. स्मारक म्हणून जतन केलेले हे घर पाहायला येणाऱ्यांच्या मनात लोकमान्य टिळकांचे खटले, मंडालेचा तुरुंग आणि गणेशोत्सव असतो. या आयुष्याला अखेरपर्यंत चिकटून राहिलेला एक धातू मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. तो म्हणजे छापखान्यातील खिळ्यांचा करडा, जड मिश्रधातू.

मिश्रधातू ही कोकणच्या घराला परकी वस्तू नव्हती. देवघरातील समई पितळेची, म्हणजे तांबे आणि जस्त यांची. तळपाय चोळण्याची वाटी काशाची, म्हणजे तांबे आणि कथील यांची. एकटे तांबे मऊ असते. त्यात कथील मिसळले की ते कठीण होते आणि देवळातील घंटेचा नाद त्यातूनच उमटतो. पितळी भांड्यात आंबट पदार्थ कळकू नये म्हणून आतून कल्हई करायची, तीही कथिलाचीच. दोन धातू एकत्र आले की दोघांपैकी कुणातही नसलेला गुण जन्माला येतो, हे ज्ञान कासाराच्या आणि तांबटाच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या होते.

वडील गंगाधरपंत शिक्षक होते; संस्कृत आणि गणितात त्यांची चांगली गती होती. १८६६ मध्ये त्यांची पुण्याला बदली झाली आणि दहा वर्षांच्या बाळचे रत्नागिरी सुटले. वडिलांकडून आलेले गणित मात्र सुटले नाही. डेक्कन कॉलेजमध्ये टिळकांनी तोच विषय घेऊन पदवी मिळविली आणि १८७९ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. वकिलीचा सरळ मार्ग सोडून ते विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि गोपाळ गणेश आगरकर यांच्याबरोबर न्यू इंग्लिश स्कूलच्या उद्योगात पडले. या मंडळींना शाळेइतकाच छापखानाही हवा होता. आर्यभूषण छापखाना उभा राहिला आणि जानेवारी १८८१ मध्ये इंग्रजी ‘मराठा’ व मराठी ‘केसरी’ ही पत्रे निघाली. छापखान्याचे सामान मोरोबादादांच्या वाड्यात हलविताना टिळकांनी खिळ्यांच्या पेट्या स्वतःच्या खांद्यावरून वाहिल्या, असे सांगितले जाते. खिळ्यांनी भरलेली पेटी ज्याने कधी उचलली असेल, त्यालाच या गोष्टीचे वजन कळेल.

पेट्या एवढ्या जड, कारण खिळ्यांत मुख्यतः शिसे असते. शिसे स्वस्त आणि ३२७ अंश सेल्सिअसला वितळणारे. पण इतके मऊ, की नखाने ओरखडा उठतो. अशा धातूचे अक्षर छपाईच्या दाबाखाली पहिल्या शेकड्यातच चपटे होईल. म्हणून त्यात अँटिमनी मिसळतात. साधारणतः शंभर भागांत बारा ते पंचवीस भाग अँटिमनी, काही भाग कथील आणि उरलेले शिसे. अँटिमनीमुळे कठीणपणा येतो. शिवाय बहुतेक धातू गोठताना आकसतात, तर अँटिमनी किंचित फुगते. त्यामुळे मिश्रधातूचे आकसणे कमी होते आणि साच्याचा कानाकोपरा भरून अक्षराची कड धारदार उतरते. कथिलामुळे रस पातळ होऊन बारीक रेषांतही शिरतो.

यातील सर्वांत नवलाची गोष्ट उष्णतेची आहे. एकटे अँटिमनी ६३१ अंशांना वितळते. पण शिसे ८४, अँटिमनी १२ आणि कथील ४ या प्रमाणात मिश्रण केले, की ते सुमारे २४० अंशांनाच पातळ होते, म्हणजे शिशाहूनही आधी. साध्या भट्टीवर अक्षरे ओतता येतात ती यामुळे. अँटिमनी आणि कथिलाचे प्रमाण वाढविले, की गोठलेल्या धातूत सूक्ष्मदर्शकाखाली या दोघांच्या संयुगाचे इवलेसे कठीण घन स्फटिक दिसतात. भोवती शिशाची मऊ भूमी असते. दाब स्फटिक सोसतात आणि मऊ भूमी खिळ्याला तडकू देत नाही. झिजलेले खिळे वितळवून पुन्हा ओतता येतात. मात्र दर वेळी थोडे कथील मळीबरोबर निघून जाते, ते नव्याने घालावे लागते. याच शिशाची भुकटी बोटांवाटे जुळाऱ्यांच्या पोटात जाई आणि कित्येकांची प्रकृती त्यातून बिघडे. वृत्तपत्रांच्या इतिहासात या माणसांना जागा फारच थोडी मिळाली आहे.

‘केसरी’ अवघ्या दीड वर्षाचा असतानाच संपादकांना या खिळ्यांची किंमत कळली. कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली आणि १८८२ मध्ये त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे मतभेद वाढले. १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले आणि दोन्ही पत्रे कर्जासह त्यांच्याकडे आली. १८९७ मध्ये राजद्रोहाचा खटला होऊन दीड वर्षाची शिक्षा झाली. १८९८ च्या सप्टेंबरात ती पुरी होण्याआधीच त्यांची सुटका झाली.

या धकाधकीत टिळकांमधील गणिती एका वेगळ्याच हिशेबाकडे वळला. इंग्रजीत सव्वीस अक्षरे. लहान, मोठी, आकडे आणि विरामचिन्हे धरली तरी जुळाऱ्यासमोरच्या पेट्या त्याच्या हाताच्या टप्प्यात राहतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि त्यावर जोडाक्षरे. मराठी छापखान्याला चारशे-पाचशे निरनिराळे खिळे बाळगावे लागत. खण जितके अधिक, तितका हात अधिक फिरणार, वेळ अधिक जाणार आणि धातूतही अधिक पैसा अडकून पडणार. त्यातच मात्रेचा किंवा रफाराचा खिळ्याबाहेर लोंबणारा नाजूक भाग दाबाखाली तुटे. धातू कठीण करावा तर तो ठिसूळ होतो, मऊ ठेवावा तर झिजतो. धातूची मर्यादा होती तिथे लिपीनेच मार्ग द्यायला हवा होता.

१९०४ मध्ये टिळकांनी ‘केसरी’तून मराठी लेखनपद्धतीची चर्चा केली. १९०५ च्या डिसेंबरात काशीला नागरी प्रचारिणी सभेच्या व्यासपीठावरून त्यांनी देशातील भाषांना नागरी ही एक लिपी असावी, असा आग्रह धरला. खिळ्यांची संख्या घटविण्याचा त्यांचा प्रयत्न याच काळातला. अक्षराचे सुटे भाग करून ते कसे जोडता येतील, कोणता खिळा दोन कामांना चालेल, याची मांडणी करीत त्यांनी संख्या सुमारे १९० पर्यंत आणली. मुद्रणाच्या इतिहासात हा संच टिळक टाइप म्हणून ओळखला जातो. वाचकाला अक्षर ओळखीचेच वाटले पाहिजे आणि जुळाऱ्याचे श्रम मात्र निम्म्याहून कमी झाले पाहिजेत, अशी ही दुहेरी अट होती. लिपी मोडून नवी करण्याचा सोपा मोह त्यांनी टाळला, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच होते.

सरकारचेही लक्ष खिळ्यांकडे होते. १९०८ च्या जूनमध्ये झालेल्या कायद्याने छापखाने जप्त करण्याचा अधिकार मिळाला. त्याच महिन्याच्या २४ तारखेला टिळकांना अटक झाली आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा. ते मंडालेत असताना १९१० च्या कायद्याने छापखान्यांकडून अनामत रक्कम मागण्यास सुरुवात झाली. संपादक तुरुंगात गेला तरी दुसरा लेखणी उचलतो. खिळेच गेले, तर पत्र थांबते. न. चिं. केळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘केसरी’ चालू ठेवला. मंडालेत टिळकांनी पेन्सिलीने लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. संस्कृत श्लोकांनी आणि जोडाक्षरांनी भरलेला तो ग्रंथ जुळविताना किती खण पालथे घातले गेले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

१९१८ च्या सप्टेंबरात टिळक चिरोलवरील खटल्यासाठी इंग्लंडला निघाले. १९१९ च्या फेब्रुवारीत खटला हरला आणि खर्चाचा मोठा बोजा पडला. तरी तेथील मुक्कामात, होमरूलच्या प्रचाराबरोबर, मराठी खिळ्यांचा विषय त्यांनी सोडला नाही. विलायतेत तेव्हा यंत्रे स्वतःच धातू वितळवून अक्षरांच्या ओळी ओतत होती. पण कळफलकावर चारशे अक्षरे मावणे शक्य नव्हते. देवनागरीला त्या यंत्रावर बसवायचे, तर संख्या कमी करण्याला पर्याय नव्हता. नोव्हेंबरात ते परतले, ते थेट अमृतसर काँग्रेसच्या धामधुमीत. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात त्यांचे निधन झाले आणि हे काम अपुरे राहिले.

पुढे १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘अ’च्या बाराखडीचा पुरस्कार करून लिपिशुद्धीची चळवळ उभारली. वाट वेगळी होती, पण कारणांत खिळ्यांची अडचण होतीच. देवनागरी लायनोटाइप १९३० च्या दशकात अवतरले आणि कालांतराने फोटो व संगणकाच्या अक्षरजुळणीने शिशाची गरजच संपविली. मराठी छापखान्यांतील लाकडी पेट्या रिकाम्या झाल्या आणि त्यांतील खिळे वजनावर विकले जाऊन पुन्हा मुशीत गेले.