स्वतःलाच आधी सुई टोचून घेणारे हाफकिन



मुंबईला परळ भागात एक जुनी मोठी इमारत आहे. तिचे नाव हाफकिन संस्था. हाफकिन हे नाव मराठी नाही. हा माणूस फार लांबच्या देशातला, पण त्याने आपल्या लोकांचे प्राण वाचवले. म्हणून मी त्यांचे चरित्र लिहीत आहे. परिसर अभ्यासाच्या तासाला गुरुजींनी सांगितलेली आणि पुस्तकात वाचलेली माहिती यात आहे.

बालपण व शिक्षण

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा या शहरात झाला. हे शहर काळ्या समुद्राच्या काठी आहे. तेव्हा ते रशियात होते, आता युक्रेन देशात आहे. त्यांचे घराणे ज्यू धर्माचे होते. त्या काळी रशियात ज्यू लोकांना फार जाच होता. हाफकिन कॉलेजात शिकत असताना ज्यू लोकांच्या घरांवर हल्ले झाले. हाफकिन त्यांना वाचवायला धावले, तर तेच जखमी झाले आणि पोलिसांनी पकडले पण त्यांनाच. शिकून ते हुशार शास्त्रज्ञ झाले. पण ज्यू असल्यामुळे त्यांना चांगली नोकरी मिळेना. धर्म बदलला असता तर मिळाली असती, पण त्यांनी तसे केले नाही.

गुरूंनी पाहिलेली गंमत

कॉलेजात हाफकिन यांना मेचनिकॉफ नावाचे मोठे गुरुजी होते. मेचनिकॉफ यांनी १८८२ साली इटलीत समुद्राकाठी एक प्रयोग केला. समुद्रात तारामासा नावाचा प्राणी असतो. त्याचे बारके पिल्लू काचेसारखे आरपार दिसते. त्याच्या अंगात त्यांनी गुलाबाचा काटा टोचला आणि रात्रभर ठेवले. सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर काट्याभोवती बारीक बारीक पेशींची गर्दी जमली होती. चोर सापडल्यावर गावकरी जमतात ना, तशी! मेचनिकॉफ यांच्या ध्यानात आले की अंगात बाहेरचे काही शिरले की शरीर स्वतःच लढते. पुढे या शोधाला १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या पायात बाभळीचा काटा मोडला की तिथे ठणकते, लाल होते आणि पू होतो. तो पू म्हणजे नुसती घाण नाही. जंतूंशी लढताना मेलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशी त्यात असतात.

शरीर म्हणजे एक गाव

शनिशिंगणापूरला घरांना दारे नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे. पण शरीराचे तसे नाही. शरीराला तटबंदी आहे. आपली कातडी ही तटाची भिंत. नाकातले केस व शेंबूड धूळ आणि जंतू अडवतात. डोळ्यातले पाणी जंतू धुऊन काढते. पोटातल्या आंबट रसात पुष्कळ जंतू मरतात.

तरीपण काही जंतू आत घुसतात. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. काही पेशी जंतूला गिळूनच टाकतात. काही पेशी एक प्रकारचे हत्यार बनवतात, त्याला प्रतिपिंड म्हणतात. प्रत्येक जंतूचे प्रतिपिंड वेगळे असते. जशी एका कुलपाला एकच किल्ली, तसे हे असते. नवीन जंतू आला तर ही किल्ली बनवायला शरीराला बरेच दिवस लागतात. जंतू भयंकर असेल तर तेवढ्यात माणूस दगावतो. पण एकदा किल्ली बनली की काही पेशी त्या जंतूची आठवण ठेवतात. तो पुन्हा आला की त्याला लगेच ओळखतात.

लस म्हणजे काय, तर पोलीस पाटलाला चोराचा फोटो आधीच दाखवून ठेवणे. लसीत मेलेले जंतू, अशक्त केलेले जंतू किंवा जंतूचा एखादा भाग असतो. मोठा आजार न होता शरीर लढाई शिकते. सुई टोचल्यावर अंग कणकण करते, कारण आतले शिपाई कवायत करत असतात.

पटकीची लस

मेचनिकॉफ पॅरिसला गेले. तिथे लुई पाश्चर यांची संस्था होती. पाश्चर यांनीच पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगावर लस काढली होती. हाफकिन पण १८८९ साली तिथे गेले. पण काम मिळाले ते वाचनालयातले! मोकळ्या वेळात ते प्रयोगशाळेत जंतूंचा अभ्यास करत.

त्यांनी पटकी म्हणजे कॉलरा या रोगावर लस तयार केली. ती माणसाला चालेल का, हे कुणालाच ठाऊक नव्हते. मग आधी टोचायची कुणाला? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, पण ते बरे झाले.

त्या काळी आपल्या देशात पटकीने गावेच्या गावे ओस पडत. म्हणून १८९३ साली ते भारतात आले. कलकत्त्याच्या वस्तीत सुरुवातीला लोकांनी त्यांना दगड मारले. परका माणूस काय टोचतोय असे लोकांना वाटले. तेव्हा त्यांनी लोकांसमोर स्वतःला सुई टोचून घेतली. मग लोकांचा विश्वास बसला. गावोगाव फिरून त्यांनी हजारो लोकांना लस टोचली.

मुंबईत प्लेग

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगची साथ आली. आपल्याकडची जुनी माणसे त्याला पिलेग म्हणत. आधी उंदीर मरत. मग उंदरांवरच्या पिसवा माणसांना चावत. काखेत, जांघेत गाठ येई, सडकून ताप येई आणि थोड्याच दिवसांत माणूस दगावत असे. मुंबई सोडून लोक पळू लागले. साथ पुण्याला आणि पुढे गावोगावी पोचली. घरात उंदीर पडला की लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहत.

हाफकिन ऑक्टोबरमध्ये मुंबईला आले. भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक लहान खोली आणि एक पडवी मिळाली. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर त्यांनी रात्रंदिवस काम केले.

लस कशी केली, ते वाचून मला फार नवल वाटले. बोकडाच्या मटणापासून त्यांनी पातळ रस केला. गाईचे मांस वापरले तर लोकांचे मन दुखेल, म्हणून बोकडाचे घेतले. त्या रसात प्लेगचे जंतू सोडले आणि वरती तुपाचे थेंब तरंगत ठेवले. मग तुपाच्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढले, जशा वडाच्या पारंब्या! बाटली हलवली की त्या तुटून तळाशी जात आणि वर नवीन येत. असे पुष्कळ जंतू झाले की बाटली तासभर तापवून ते मारायचे. मग झाली लस.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी हीपण लस आधी स्वतःला टोचून घेतली. इतरांना द्यायची त्यापेक्षा पुष्कळ जास्त घेतली. त्यांना ताप आला, टोचलेली जागा फार दुखली, पण ते वाचले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी तयार झाले त्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही. लस न घेतलेल्यांत पुष्कळ जण आजारी पडले आणि काही मेले. लस घेतलेल्यांत थोडेच आजारी पडले आणि मेला कुणीच नाही.

त्याच साली आपल्या सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे शिक्षण आपल्या नगरलाच घेतले होते. रोग्यांची सेवा करता करता त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. हाफकिन यांनी सुई टोचून घेतली त्याला तेव्हा बरोबर दोन महिने झाले होते. लस नुकतीच निघाली होती, ती सगळीकडे पोचली नव्हती. हे वाचून मला फार वाईट वाटले.

लोक लसीला घाबरत. तेव्हा आगाखान यांनी सर्वांसमोर स्वतः लस टोचून घेतली. ते वीस वर्षांचेही नव्हते. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपला बंगलाही दिला. १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या मोठ्या इमारतीत गेली. १८९७ पासून १९२५ पर्यंत प्लेगच्या लसीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस मुंबईतून बाहेर गेले. या लसीने सगळेच वाचत असे नाही, पण मरणारांची संख्या पुष्कळ कमी झाली.

खोटा आळ

पुढे हाफकिन यांच्यावर फार मोठे संकट आले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी १०७ लोकांना प्लेगची लस टोचली. हे गाव आज पाकिस्तानात आहे. काही दिवसांनी त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. बिचारे लस घ्यायला आले होते.

सगळा दोष हाफकिन यांच्यावर आला. चौकशी बसली आणि त्यांना कामावरून दूर केले. पण मेलेले १९ ही जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. दुसऱ्या बाटल्यांतून टोचलेल्यांना काहीच झाले नव्हते. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच त्याने वापरला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. ते मुंबईच्या लसीत नव्हते, गावात बाटली उघडताना आत गेले असावेत.

हे समजायला पाच वर्षे गेली. मलेरियाचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस यांनी व इतर शास्त्रज्ञांनी हाफकिन यांच्या बाजूने वर्तमानपत्रात लिहिले. शेवटी १९०७ साली सरकारने आळ काढून घेतला. ज्यांनी दोनदा स्वतःच्या अंगावर प्रयोग केला, त्यांनाच पाच वर्षे लोकांनी दोषी धरले. तरी ते पुन्हा भारतात आले आणि कलकत्त्याला काम केले. मला त्यांची ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

शेवटचे दिवस

हाफकिन यांनी लग्न केले नाही. म्हातारपणी त्यांनी आपली संपत्ती ज्यू मुलांच्या धार्मिक शाळांसाठी दिली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंड देशात त्यांचे निधन झाले. त्याआधी १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव दिले होते. १९६४ साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आपल्या गावाशी त्यांचा संबंध

तुम्ही म्हणाल, मुंबईची गोष्ट आपल्याला काय करायची? पण बघा. आपण लहानपणी पोलिओचे दोन थेंब घेतले. हाफकिन यांच्या नावाची सरकारी कंपनी पोलिओची लस बनवते. साप चावल्यावर देतात ते औषधही ती बनवते. ते घोड्याच्या रक्तातल्या प्रतिपिंडांपासून करतात. आपल्या जिल्ह्यात जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. त्यांनी गावातल्या साध्या बायकांना शिकवले आणि त्या बायकांनी घरोघर जाऊन मुलांना लस मिळवून दिली. आता हे काम आशाताई आणि सिस्टर करतात. देवी हा रोग लसीमुळे जगातूनच गेला. आपला देश २०१४ साली पोलिओमुक्त ठरला.

आपले वय १० वर्षे झाले की टी.डी. ची सुई असते. ती धनुर्वात आणि घटसर्प या रोगांवर आहे. मलकोवालची माणसे धनुर्वातानेच मेली होती. आपण शेतात अनवाणी फिरतो, खिळा लागतो, काटा लागतो. तेव्हा ही सुई आपल्यासाठीच आहे. सुईच्या दिवशी बरीच पोरं शाळेला दांडी मारतात, काही संडासामागं लपतात. असं करायचं नाही. दंड थोडा दुखतो, एक-दोन दिवसांत राहतो.

लक्षात ठेवा

१. जेवणाआधी आणि शौचाहून आल्यावर साबणाने हात धुवा.
२. जखम झाली तर स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवा. माती, शेण लावू नका. दवाखान्यात दाखवा.
३. कुत्रे चावले तर जखम भरपूर धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जा.
४. भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडी खा. उपाशी शिपाई लढत नाही.
५. पालकांनी लसीकरणाचे कार्ड जपून ठेवावे. काही लसींची आठवण शरीरात पुसट होते, म्हणून पुन्हा टोचावी लागते.

अशा या परदेशातून येऊन आपल्यासाठी झटणाऱ्या थोर शास्त्रज्ञाला माझे वंदन.

— इयत्ता चौथी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, जि. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर)