घोंगडी घेताना आठवल्या अहिल्याबाई

परवा सासूबाईंसाठी घोंगडी घ्यायला जुन्नरच्या बाजारात गेले होते. त्यांच्या कंबरदुखीला गादी चालत नाही, घोंगडीच लागते. विकणाऱ्या धनगरीण मावशींनी अडीच हजार सांगितले आणि मी सवयीप्रमाणे निम्म्यावर आले. त्या काही बोलल्या नाहीत, घोंगडीची घडी घालू लागल्या. मागच्या टेम्पोच्या काचेवर अहिल्याबाई होळकरांचा फोटो होता. माझं मलाच कसंसं झालं.

पांढरी साडी आणि हातात पिंड, एवढ्याच अहिल्याबाई आपल्याला माहीत. पण त्या चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांची लेक, १७२५ सालची. लहानपणी मामाकडे मेंढरं राखलेल्या मल्हारराव होळकरांनी त्यांना सून करून घेतलं. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले. अहिल्याबाई सती निघाल्या, सासऱ्यांनी अडवलं आणि कारभार हाती दिला. हिशेब, पत्रव्यवहार, फौजेची रसद, सगळं! १७६६ मध्ये सासरे गेले, पुढच्या वर्षी मुलगा मालेराव गेला. बाईमाणूस काय राज्य करणार, म्हणून राघोबादादा फौज घेऊन आले. बाईंनी लढायची तयारी ठेवली, दादा माघारी फिरले. पुढची २८ वर्षं बाईंनी राज्य सांभाळलं.

काशी विश्वेश्वराचं देऊळ, घाट, धर्मशाळा सगळ्यांना ठाऊक आहेत. मला मात्र महेश्वरचे माग जास्त भावतात. बाहेरून विणकर आणून त्यांनी तिथे बसवले, त्यांच्या लुगड्यांना गिऱ्हाईक मिळवून दिलं. हा धंदा पुढे मोडकळीला आला, तो १९७८ नंतर रेहवा संस्थेने बायकांच्या हातांनी पुन्हा उभा केला.

एका गोष्टीशी मी दर वेळी थबकते. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुक्ताबाई सती निघाली. स्वतः सासऱ्यांचं ऐकून थांबलेल्या बाई लेकीला थांबवू शकल्या नाहीत. एवढी सत्ता हातात, आणि डोळ्यांदेखत एकुलती एक लेक गेली. चार वर्षांनी, १३ ऑगस्ट १७९५ ला त्याही गेल्या.

मावशींशी मग बोलत बसले. मेंढरं कातरायची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही म्हणे. दख्खनी मेंढीऐवजी मटणाला बरी म्हणून माडग्याळ पाळतात, तिला लोकर कमी. आपल्या कांद्याच्या रानात वाडा बसतो तेव्हा खत हवं असतं आपल्याला, लोकरीचं कोण विचारतं? वर बिबट्याची धास्ती! घोंगडी घेताना एक धागा जाळून बघा, असं त्यांनीच शिकवलं. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चुरगळली तर लोकर, वितळून गोळी झाली तर प्लॅस्टिक.

पैसे पुरे दिले. घोंगडीला चिंचोक्याच्या खळीचा वास येतोय अजून. सासूबाई म्हणतात, दोन उन्हं दाखवली की जाईल.