ताराबाईंची अंगणवाडी आणि गाणी

हिंगोली जिल्ह्यातील एखाद्या बंजारा तांड्यावरचे मूल अंगणवाडीत प्रथम पाऊल टाकते, तेव्हा त्याच्या कानांत गोरमाटी बोली असते आणि समोर प्रमाण मराठी. हा पेच नवा नाही. १९४५ मध्ये बोर्डीला गेलेल्या ताराबाई मोडक यांच्यापुढेही तो वारली मुलांच्या रूपाने उभा राहिला होता.

१९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाच्या संस्कारांतील केळकर कुटुंबात ताराबाईंचा जन्म झाला. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. संसार टिकला नाही. राजकोटला अध्यापिका घडविणाऱ्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी सांभाळले आणि १९२३ मध्ये ते सोडून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात त्या दाखल झाल्या. पगार व प्रतिष्ठा यांचा हिशेब मांडणाऱ्यांना हा व्यवहार आजही उलगडणार नाही! माँटेसोरी पद्धतीला तेथे गोष्टींची व गाण्यांची जोड मिळाली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

बडबडगीत निरर्थक म्हणून हिणविले जाते. वस्तुतः त्याचे मोल तेथेच आहे. मुलाला आधी ठेका सापडतो, मग यमक, आणि यमकातून शब्दांचे सारखे व वेगळे तुकडे कानाला ओळखू येऊ लागतात. लाजरे मूलही घोळक्यात गाते, कारण तेथे चूक कोणी धरीत नाही. लहानपणी यमकगीते ठाऊक असलेल्या मुलांना पुढे वाचन सुकर जाते, असे १९८९ मध्ये ऑक्सफर्डच्या पीटर ब्रायंट व सहकाऱ्यांनी दाखविले. ताराबाईंच्या पिढीने ही वाट त्यापूर्वीच धरली होती.

दादरच्या शिशुविहारातून त्या बोर्डीला आल्या. सोबतीला अनुताई वाघ होत्या. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यावी, हा विचार तेथे रुजला. महागड्या साधनांची जागा शंख, खडे व पाने यांनी घेतली. गाण्याला तर तेवढेही लागत नव्हते. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. १९६२ मध्ये पद्मभूषण आले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या.

दोन वर्षांनी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. त्याबरोबर वजनकाटा गेला, पोषण आहार गेला. ते हवेच होते. मुलाच्या घरचे गाणे मात्र कोणत्याही नोंदवहीच्या रकान्यात बसण्यासारखे नव्हते. ते म्हणावयाचे की नाही, हे एकट्या सेविकेवर राहिले.