तुकडोजी महाराज, गोवंश-सुधार आणि गावचा वळू

मोझरीचा गुरुकुंज आश्रम तुम्हाला भजन-प्रार्थनेसाठी माहीत असेल. तो १९३५ मध्ये स्थापणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांकडे एकदा पशुपालकाच्या नजरेनेही पाहा.

माणिक बंडोजी इंगळे हे त्यांचे मूळ नाव. जन्म ३० एप्रिल १९०९, अमरावती जिल्ह्यातील यावलीचा. घरची गरिबी, शाळा थोडकीच. वरखेडचे आडकोजी महाराज त्यांचे गुरू. खंजिरी घेऊन ते गावोगाव फिरले, १९४२ च्या आंदोलनात तुरुंगात गेले, १९५५ मध्ये विश्वधर्म परिषदेसाठी जपानला जाऊन आले. ग्रामगीतेत त्यांनी गावाच्या आरोग्याबरोबर गोवंश-सुधारालाही स्वतंत्र अध्याय दिला. जनावरांची पैदास हे गावाचे काम आहे, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचे निधन झाले.

पैदास गावाची का, हे रोगांवरून चटकन कळते. मोकाट वळू पाच घरच्या गाई फळवतो आणि ट्रायकोमोनियासिस, कॅम्पिलोबॅक्टरसारखे संसर्ग एका गोठ्यातून दुसऱ्यात नेतो. वळू मात्र वरून धडधाकट दिसतो. गाय गर्भ इतक्या लवकर टाकते की मालकाला कळतही नाही. ती उशिरा, अनियमित माजावर येते आणि दोष गाईलाच लागतो. गाई वारंवार उलटत असतील तर आधी वळू तपासून घ्या. रोगी निघाल्यास तो पैदाशीतून काढावा. गवळाऊची जात राखायची असली तरी तपासलेल्या वळूच्या रेतमात्रा वापरून कृत्रिम रेतन करता येते.

ब्रुसेलोसिसची गोष्ट थोडी वेगळी. वळूपेक्षा गाभडलेल्या गाईचा जार, स्राव आणि त्याने खराब झालेला चारा-पाणी यांतून तो जास्त पसरतो. गाय सहाव्या महिन्यानंतर गाभडली तर पडलेल्या गर्भाला उघडा हात लावू नका, कुत्र्यांपुढे टाकू नका. चुना घालून खोल पुरा. ती गाय वेगळी बांधा आणि डॉक्टरांकडून रक्त तपासा. हा रोग माणसालाही होतो: ताप येत-जात राहतो, सांधे धरतात. म्हणून दूध उकळूनच प्या.

कालवड ४ ते ८ महिन्यांची असताना लस आयुष्यात एकदाच द्यायची असते. नर वासरांना आणि गाभण जनावरांना ती देत नाहीत. गावातल्या या वयाच्या कालवडींची यादी दवाखान्यात दिलीत, तर सगळ्यांचे लसीकरण एकाच दिवशी उरकता येते.